गलबतावरचा जादा माणूस

आधी माझा वेडेपणा सांगून टाकते — भर बंदरात, कस्टमच्या साहेबांच्या देखत मी नवऱ्याला नावाने हाक मारली. उखाण्याशिवाय ज्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, त्यांना! तीही अशी, की पार खाडीपलीकडच्या चिंचणीत ऐकू जावी.

भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. भुतंच तुला घाबरत असतील, असं नातवाचं मत आहे. हा नातू विमान कंपनीत आहे. परवा जेवताना म्हणाला, "आजी, कागद नसलेला पॅसेंजर आणला तर दंड कंपनीला. परत न्यायचं तेही कंपनीनेच."

"मला शिकवतोस? माझा बाप तांडेल होता!"

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या खाडीत बाबांचं गलबत असायचं; तेच त्याचे तांडेल, म्हणजे कप्तान. आखातापर्यंत फेरी करायचं. माझे यजमान हिराजी सुतारकाम करायचे. त्यांना आखातात कामाला जायचं होतं, पण पासपोर्ट नव्हता. बाबांनी साफ सांगितलं, "जावई असलास तरी नाय. पकडलं तर गलबत जप्त, नि मी तुरुंगात."

हिराजी दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीने गेले... माझ्या कडेवर लेक ठेवून. दोन पावसाळे झाले तरी ना पत्र, ना निरोप. बाबा निघाले की मी मागे लागायची — त्यांना घेऊन या.

"येताना पन तोच कायदा हाय, कमळे."

मग मी कायद्यावर रुसून जेवायची नाही. कायद्याला काही फरक पडला नाही.

त्या दुपारी भरतीबरोबर गलबत आत आलं. आणि डोलकाठीपाशी, खलाशांच्या मागे — हिराजी! तोच निळ्या चौकडीचा सदरा. तोच डावा हात वर. डावखुरे होते ना. माझ्या बाजूला उभ्या कस्टमच्या साहेबांचाही हात वर गेला... ऊन लागत असेल डोळ्यांवर.

मला वाटलं, बाबा विरघळले! चोरून आणलं! बरं, आणलं तर गप्प बसावं की नाही? छे! मी लेकाला कडेवर घेऊन चिखल तुडवत निघाले — "हिराजीऽऽ!"

"कोण हिराजी?" मागून साहेब. "तांडेलाने दिलेल्या यादीत हे नाव नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पदर तोंडात कोंबला — जसा काही लाजण्याने दंड माफ होतो.

गलबत उलटंपालटं झालं. फळ्या उचलल्या, शिडाच्या घड्या मोडल्या, गोण्या हलवल्या. कोणी नव्हतं. खलाशी लेकरांच्या शपथा घेत होते. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "भेटला असता तर आनला असता गं. गलबत गेला असता तरी आनला असता. सगल्या बंदरांत विचारला मी."

हिराजी आले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. नुसते मलाच दिसले असते, तर वाट बघून डोळे बिघडले म्हणून मी कधीच सोडून दिलं असतं. पण सह्या उरकून साहेब माझ्यापाशी थांबले. लेकाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जे बोलले त्याचा अर्थ मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही —

"बाई, गलबतावर जादा माणूस नाही, असं लिहून दिलंय मी. पण त्याने हात केला, तेव्हा मीही हात केला होता."