वरचे मास्तर

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी म्हटलं, "मास्तर."

"अहो, मास्तर हे काय नाव झालं?"

माझं डोकंच फिरलं. इथे माणसाचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात लुळा पडलाय, आणि ही बया नाव-गाव विचारत बसलीये! चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव मलाही माहीत नव्हतं.

माझ्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत हा माणूस मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून राहतोय. समोरचा शिंपीही मास्तरच, म्हणून कपड्यांच्या चिठ्ठीवर मी शिंप्याला 'खालचे मास्तर' लिहिते आणि यांना 'वरचे मास्तर'. इतक्या वर्षांत याहून जास्त कधी लागलंच नाही. घरमालक परगावी, तो फोन उचलेना. मास्तरांचे कागद कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली कुठे ते त्यांनाच ठाऊक.

मास्तर व्हायोलिन शिकवतात. खोलीत एक सतरंजी, दोन स्टुलं आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. एकदा इस्त्रीचे कपडे द्यायला गेले, गुडघे बोलत होते, म्हणून टेकले तिच्यावर. मास्तर ताडकन उभे राहिले. मी उठेपर्यंत उभेच. रागावले नाहीत, हळूच म्हणाले, "ताई, ती आमच्या उस्तादांची." उस्ताद कधीचेच वारलेले! तरी रोज सकाळी व्हायोलिन घेण्याआधी मास्तर त्या खुर्चीकडे बघून कानाच्या पाळीला हात लावायचे, मगच गज उचलायचे. मी खाली येऊन नवऱ्याला म्हटलं, "वरच्या मास्तरांचा एक स्क्रू ढिला आहे."

असो. मी त्यांच्या शिष्यांना फोन लावले. शिष्यांना तरी नाव ठाऊक असेल ना! सगळे हातातलं काम टाकून धावत आले. पहिला आला ट्रकवाला.

"नाव? उस्तादांचं?" तो असा दचकला की जणू मी त्याला चोरी करायला सांगितली. "उस्ताद म्हणजे उस्ताद."

"तुमच्याकडे क्लीनरही ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो की रे."

"ते नुसतं तोंडानं, ताई," तो म्हणाला.

मग आली बेकरीत काम करणारी जपानी बाई. ती म्हणाली, "सेन्सेई. म्हणजे आपल्या आधी जन्मलेले." आधी तर मीही जन्मलेय, मला कोण विचारतं! तिच्यामागून दातांचा चिनी डॉक्टर आला. त्याचे मास्तर 'लाओशी'. तोही मान हलवून मोकळा. "शिकवणाऱ्याला नावानं हाक मारायची नाही, हे घरात पहिलं शिकवलं. मग नाव विचारणार कशाला?"

मी कपाळावर हात मारला. कुठकुठल्या देशांतली ही माणसं, आणि सगळी एका माळेचे मणी! शेवटी खाटेच्या पाटीवर 'मास्तर' असंच लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वभावानं चांगल्या. म्हणाल्या, "जीवाचा धोका टळलाय. पण बोलणं परत येतं का, समजतंय का, ते बघायचंय. ते नसेल तर शिकवणं कायमचं संपलं." त्या रोज सकाळी वाकून विचारायच्या, "आजोबा, तुमचं नाव काय?" मास्तर छताकडे बघत राहायचे. उस्ताद म्हणून झालं, सेन्सेई झालं, लाओशी झालं. पापणी हलेना. खाटेपाशी खुर्ची होती, पण शिष्यांपैकी एकही बसेना. मला रडूही येत होतं आणि चीडही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, थांबल्या, आणि सुस्कारा टाकून वळल्या. ट्रकवाल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी नजर त्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि माझा तोल सुटला.

"अहो मास्तर, तुमचं जाऊ द्या चुलीत! तुमच्या उस्तादांचं नाव काय, ते तरी सांगा!"

मास्तरांची नजर छतावरून सुटली. सावकाश माझ्याकडे आली. डावा हात चादरीवरून उठला, अर्ध्यावर खाली पडला. परत उठला. कानापर्यंत पोचला आणि बोटांनी पाळी धरली. वाकड्या ओठांतून एकेक शब्द आला.

"नाव... घेत... नसतात."

वर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी परत त्या वेताच्या खुर्चीवर टेकलेय, उठा, ताई!

ट्रकवाला खाली बसून ढसाढसा रडला. जपानी बाई कमरेत वाकली ती वाकलेलीच. स्वतःचं नाव विसरलेला हा माणूस, पण कुणाचं घ्यायचं नाही ते पक्कं ठाऊक! डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं, मास्तर." त्यानंतर आजोबा म्हणाल्या नाहीत.

आता मास्तर घरी आहेत. हात अजून साथ देत नाही, पण बोलून शिकवतात, आणि शिष्य चुकला की खालपर्यंत ओरडा ऐकू येतो. काल त्यांचे शर्ट धुवायला आले. चिठ्ठीवर 'वरचे मास्तर' लिहिलं, आणि नवरा हसेल हे माहीत असूनही आधी कानाला हात लावला. तो हसला नाही.