आंघोळीचा दांडा

आनंद नगरमधला माझा फ्लॅट हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचा आहे. आतून पावासारखी जाळी, म्हणून वजन कमी आणि भोपाळच्या उन्हाळ्यातही भिंत फारशी तापत नाही. बिल्डरच्या या बोलण्यावर मी भुलले. बाबांनी मात्र बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली. "गारवा देईल, पण वजन लटकवलंस तर धरणार नाही," म्हणाले. ते कारखान्यात जन्मभर फिटर होते. आई गेली, कारखान्याचं बरखेड्यातलं क्वार्टरही सुटलं, म्हणून माझ्याकडे राहायला आले. उठता-बसता चुका काढायचे आणि मला वैताग यायचा.

गुडघे गेले तरी आंघोळ एकट्यानेच करायची, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. लेकीसमोर उघडं व्हायची त्यांना लाज वाटे. त्यासाठी भिंतीला धरायला दांडा हवा होता. "नुसत्या स्क्रूने भागायचं नाही. आरपार बोल्ट टाक आणि पलीकडून पट्टी लाव," त्यांनी सांगितलं. पलीकडे माझा हॉल होता, नुकताच रंगवलेला. सोफ्याच्या वर लोखंडी पट्टी कोण लावणार?

"बाबा, हे तुमचं वर्कशॉप नाही," मी म्हणाले.

मिस्त्री चाचरत म्हणाला, "दीदी, चाचाजी सही कह रहे हैं."

"जितना बोला है उतना करो."

त्याने स्क्रू धरायला भिंतीत प्लास्टिकच्या साध्या गिट्ट्या ठोकून दांडा बसवून दिला.

महिनाभर टिकला. मग एका सकाळी गिट्ट्यांसकट उपटून बाबांच्या हातात आला आणि बाबा पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं त्याच दिवशी मी भोकं बुजवून वरच्या टाइल बदलून घेतल्या, कारण धाकटा भाऊ नागपूरहून निघाला होता.

बाबांना घरी आणलं तेव्हा तो बाथरूम बघून आला. "ताई, तिथे धरायला काहीच नाही?"

"किती वेळा म्हटलं, दांडा लावू या. ऐकतील तर ना."

बाबा पलंगावर जागेच होते. कुणाचं सुताभर माप चुकलं तरी टोकणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, मीच नको म्हणालो," ते म्हणाले.

मला लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

"या वयात हट्ट शोभतो का, बाबा?" भाऊ त्यांच्यावर चिडला. "आता आंघोळसुद्धा ताईच्याच हातून करून घ्या."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचं अंग पुसायला पाणी आणलं आणि भावाला दार लोटून घ्यायला सांगितलं.