प्रेसचा दुसरा ठोका

बाईंना भीती हवी होती. भुताखेतांची नको, दार करकरण्याची नको, कुत्रं रडण्याची तर अजिबात नको. "घरातली भीती द्या," त्या म्हणाल्या, "माणूस भाजी चिरता चिरता घाबरतो ना, तसली."

बाई शाळेत भूगोल शिकवतात आणि उरलेल्या वेळात आमच्या हौशी मंडळाच्या एकांकिका बसवतात. या वेळच्या एकांकिकेत एक बायको वीस मिनिटं बंद दाराकडे बघत नवऱ्याची वाट पाहते. त्या वीस मिनिटांचं संगीत माझ्याकडे होतं. मंडळाचा संगीतकार मीच का, तर कीबोर्ड माझ्याकडे आहे म्हणून.

तुळिंजच्या आमच्या दोन खोल्यांत मी आठवडाभर भीती शोधली. खाली गल्लीत कांदेवाल्याचा भोंगा, शेजारी मिक्सर, आत कुकर. खिडकी लावली की घाम, उघडली की कांदे.

"या गोंगाटात माणसाला सुचणार काय?" मी बायकोला म्हणालो.

"गोंगाट नव्हता तेव्हा काय सुचलं होतं?" असं म्हणून तिने तिसरी शिट्टी होऊ दिली.

मला राग आला. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, कीबोर्ड पाठीला बांधून मी नंदाखालला एका मित्राच्या मावशीच्या वाडीत गेलो. नारळ, केळी, विहीर, आणि हवी तेवढी शांतता. झाडाखाली चटई टाकून दीड तास बसलो. एक सूर सुचेल तर शपथ. शेवटी मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिथं नको बसू बाबा, परवा तिथंच नारळ पडला." मग पुढचा अर्धा तास मी वर बघत वाजवलं. भीती वाटली, पण ती संगीतात काही उतरली नाही.

ती सापडली वालीवला, माझ्याच नोकरीच्या गाळ्यात.

आमच्याकडे पत्र्याच्या चकत्या काढणाऱ्या चार पॉवर प्रेस आहेत. पत्रा साच्यावर ठेवायचा, पाय पेडलवर दाबायचा, वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, धड्, आणि वर जाऊन थांबतो. तो थांबला की हात आत घालून चकती काढायची. दिवसाला काही हजार वेळा. सगळा खेळ त्या थांबण्यावर. मशीन कधीतरी थांबायचं विसरते आणि पेडल न दाबताच परत खाली येते. त्याला आमच्याकडे 'डबल मारली' म्हणतात. आमच्या फिटरच्या डाव्या हाताला अडीच बोटं आहेत. "पाच मिनिटांत येतो" असं तो हात दाखवून म्हणाला की नवा माणूस गप्प होतो.

मी प्लायवूडच्या आडोशामागे बसून मालाच्या चिठ्ठ्या बनवतो आणि मशीनची तक्रारवही लिहितो. ऑपरेटरने मला सांगायचं, मी लिहायचं, फिटरने दुपारी वही बघून दुरुस्त करायचं. वहीत 'ठीक' असलं की तो चहा पिऊन जातो.

त्या सोमवारी तीन नंबरच्या प्रेसवरचे दादा आडोशातून डोकावले. पन्नाशी उलटलेला माणूस, तीस वर्षं प्रेसवर, आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. याचा त्यांना भारी अभिमान.

"मास्तर," ते म्हणाले. मी संगीत करतो हे कळल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. त्यात आदर शोधू नये. "तीन नंबर जरा चावटपना करते. धड् झाल्यावर मागनं टक् करते. लिवून ठेवा."

मी ऐकायला गेलो. धड्. धड्. धड्. मग एकदम, धड्... टक्. पुन्हा पाच-सात वेळा काही नाही. वाटलं, आवाज गेला बहुतेक. आणि पुन्हा, टक्.

माझ्या अंगावर काटा आला. बाईंच्या एकांकिकेतली, दाराकडे बघणारी बायको मला समोर दिसली. रस्त्यावरून कोणी गेलं, थांबलं, नाही, पुढे गेलं. हीच ती भीती! इतके दिवस ज्या खडखडाटाला मी शिव्या घालत होतो, त्याच्याच पोटात ती होती. मी फोन काढून दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं.

मग येऊन वही उघडली, आणि माझ्यातल्या थोर कलावंताने मान वर काढली. आज लिहिलं तर फिटर दुपारी येणार, पाना फिरवणार आणि टक् कायमचं जाणार. रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याची घरघर आली होती, उद्या नीट घेऊ. फक्त एक दिवस. मी तीन नंबरसमोर लिहिलं: ठीक.

मंगळवारी टक् आणखी छान आलं. दादांनी विचारलं, "आवाज धाडला का फिटरला?"

"हो हो, बघतोय तो," मी म्हणालो. इतकं सफाईदार खोटं, की मलाच ऐकू आलं नाही.

बुधवारी फिटर दारात उभा राहिला. "सगळं ठीक?"

"ठीक."

गुरुवारी दादांनीच मला सांगितलं, "जवळ धरा फोन, मास्तर. चांगला येईल." आणि पेडल दाबताना श्वाससुद्धा रोखून धरला, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये यायला नको म्हणून.

शुक्रवारी सुट्टी. मी घरी, पण मालाची घाई असल्याने दादा ओव्हरटाइमला गेले होते. सकाळी दहाच्या सुमाराला मी चारही दिवसांची रेकॉर्डिंग लॅपटॉपवर एकाखाली एक लावली. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात: धड्चा डोंगर, त्यामागे टक्ची टेकडी. बायको लसूण सोलत मागे उभी होती.

"हे वाढतंय," ती म्हणाली.

"काय?"

"हे छोटं. सोमवारी मुंगीएवढं आहे. हे बघ, काल झुरळाएवढं झालंय."

मी पाहिलं. खरंच वाढत होतं. आणि मग मला ते कळलं, जे कुठल्याही ऑपरेटरच्या पोराला कळलं असतं. टक् म्हणजे ताल नव्हता. तो ठोकळा वर थांबल्यावर पुन्हा खाली यायला निघत होता आणि कसाबसा अडत होता. रोज जरा जास्त निघत होता. चार दिवस मी त्याचीच तालीम रेकॉर्ड करत बसलो होतो.

दादांना फोन लावला. वाजत राहिला. त्यांचा फोन खुंटीवरच्या शर्टात असतो, हे मला माहीत होतं. मालकांना लावला, बंद. बायकोने चपला पुढे सरकवल्या.

रिक्षात बसलो आणि जग धड्-टक् करायला लागलं. रिक्षाचं इंजिन, खड्डे, पुढच्या टेम्पोच्या फाळक्याची साखळी, सगळं. एरवी मी यातून काहीतरी जमवलं असतं. आता प्रत्येक धड्नंतर मी कान झाकत होतो. दादांचा हात मला दिसत होता, चकतीकडे जाणारा, घाई नसलेला, तीस वर्षांच्या सवयीचा.

"कोन सीरियस हाय का?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या आठवड्यात माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य.

कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि कान दिला. आवाज नव्हता. ओव्हरटाइमच्या दिवशी एकच प्रेस चालते आणि तिचा ठोका कोपऱ्यापर्यंत येतो. आत्ता काहीच येत नव्हतं. नंदाखालच्या वाडीत इतकी शांतता नव्हती. शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेलो.

दादा उलट्या डब्यावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, फडक्यात गुंडाळलेले. चेहरा पांढराफटक.

"दादा, हात..."

त्यांनी फडकं उलगडलं. आत चिमटा होता. चिमटा होता म्हणायचं इतकंच. पुढची टोकं पापडासारखी चपटी झाली होती.

"डबल मारली," ते म्हणाले. "काल अंगठा कापला जरासा, पत्र्यानं. तेल लागलं की झोंबतो, म्हनून आज चिमट्यानं काढत होतो. एरवी कोन घेतो चिमटा?"

त्यांच्या अंगठ्यावर एक मळकी चिकटपट्टी होती. त्या चिकटपट्टीएवढंच अंतर होतं.

"मला भ्या नव्हतं," ते पुढे म्हणाले. "तुम्ही रोज आवाज घेत होता. म्हटलं, मास्तरचं लक्ष हाय."

हे ऐकून मी खाली बसलो. मग सगळं सांगितलं. वहीतले चार 'ठीक', फिटरला न धाडलेला आवाज, बाईंची एकांकिका. बोलताना माझं मलाच इतकं हास्यास्पद वाटत होतं, की मध्येच मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी चिमटा माझ्या हातात ठेवला.

"घ्या," ते म्हणाले. "वाजवा."

शनिवारी फिटरने मशीन खोलली, आतली झिजलेली स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे एका दिवसाचं नाही." मग वही मागितली. चार दिवसांच्या नोंदींवर त्याने आपली अडीच बोटं ठेवली, वाचलं, आणि पान उलटलं. मालकांनी मला जे ऐकवलं ते यापुढे काहीच नव्हतं.

आता रोज सकाळी दादांचा नियम आहे. वहीत काही लिहायच्या आधी मी तीन नंबरपाशी जायचं. ते दोन्ही पंजे माझ्या तोंडापुढे पसरतात. "मोजा, मास्तर." मी मोजतो. "किती?" "दहा." "मग लिवा ठीक." आजूबाजूचे हसतात. मी हसत नाही, कारण दर वेळी सातव्या-आठव्या बोटाशी मला धाप लागते.

संगीताचं म्हणाल तर मी टक् पुसून टाकलं. एकूण एक. नुसता धड् ठेवला आणि त्यामागे रिकामी जागा, टक्च्या मापाची. तालमीत बाईंनी विचारलं, "इथे काहीतरी राहिलंय का?"

"हो."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. त्या ओढणीचं टोक पिळत होत्या.

प्रयोगाला दादा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, तिसऱ्या रांगेत. मी विंगेत लॅपटॉपपाशी. दारावर उजेड पडला, बायको वाट बघायला लागली, पहिला धड् झाला. मग ती रिकामी जागा आली. नाट्यगृहात कोणी खोकलंही नाही. माझे कान मात्र टक् येण्याची वाट बघत होते. पुसलेलं, स्वतःच्या हाताने पुसलेलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत, रंगमंचावरच्या उजेडाच्या कडेला, दोन पंजे सावकाश वर आले. बोटं पसरलेली.

मी मोजली. दहा होती. धड् झाला, आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.