कांचनबुरीचं जुनं गाव

कांदिवलीच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागलो त्या सुमाराची गोष्ट. मावशी आमच्याकडेच राहायची. तिचे यजमान मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. युद्धात जपान्यांनी त्यांना सयाममध्ये रेल्वेच्या कामावर नेलं. तिथून जिवंत परतलेल्या एकाने एवढंच सांगितलं की कांचनबुरी नावाच्या गावापर्यंत ते त्याच्याबरोबर होते. मावशीने त्या गावी कितीतरी पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही.

बारा वर्षं भरली तसे तिचे थोरले दीर कोकणातून आले. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी आता उरकून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. भावाला गती मिळावी एवढंच त्यांना हवं होतं. विधी झाला की मावशीचं कुंकू पुसलं जाणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

"आधी ते गाव कुठे आहे ते दाखव मला," मावशी मला म्हणाली.

मी शाळेतून आशियाचा नकाशा आणला, ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोघांसमोर मास्तरकी सुरू केली. कांचनबुरी हा सयामचा जुना प्रांत. पश्चिमेला डोंगर, डोंगरात खिंड. ब्रह्मदेशाची सैन्यं त्या खिंडीतून चालून यायची, म्हणून जुनं गाव वरच्या अंगाला, त्यांच्या वाटेवरच वसवलेलं. पुढे लढाया ओसरल्या, व्यापार वाढला, आणि राजाने गावच्या गाव उचलून खाली दोन नद्यांच्या संगमावर नेलं. स्वतःच्या बोलण्याची मला तेव्हा भारी हौस होती.

"म्हणजे गाव हललं?" मावशी ताठ बसली. "मग माझी पत्रं जुन्या गावी गेली असतील रे!"

दीर उठले. संध्याकाळी काय ते ठरवू म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाव हलल्याला शंभराहून जास्त वर्षं झाली होती, आणि नेमकं तेच सांगायचं मी विसरलो होतो. मावशीला तसं सांगितलं.

"कळलं मला ते," ती नकाशा गुंडाळत म्हणाली. "राजाने हलवलं म्हणालास ना? मग गोष्ट जुनीच असणार. पण भावोजींना माझं म्हणणं पटत नाही, पुस्तकातलं पटतं. वर्ष तेवढं सांगू नकोस."

संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "मास्तर, गाव हललं कधी?"

"पुस्तकात वर्ष दिलेलं नाही," मी म्हणालो. मुलांच्या पेपरातली एक चूक मी कधी सोडली नव्हती.

दीर गावी परतले. विधी राहिला तो राहिलाच.

आठवड्याभराने मावशीने आणखी एक पत्र लिहिलं. पत्ता मला घालायला लावला: कांचनबुरी, नवं गाव, दोन नद्यांच्या संगमावर.