आईच्या उरलेल्या गोळ्या

"नाडीचे ठोके छत्तीस आहेत," डॉक्टर म्हणाले. "याला ब्रॅडीकार्डिया म्हणतात, म्हणजे हृदयाचे ठोके फार मंद पडणं. यांच्या घरात आणखी कुणाच्या गोळ्या आहेत का?"

मी ठामपणे नाही म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, पारनेरजवळ आमच्या गावी एकटेच राहत होते. आई जाऊन दोन महिने झाले होते. आणि मी नेवाशाची आशा सेविका, घरोघर जाऊन गोळ्या वेळेवर घेतल्या का म्हणून लोकांना दटावणारी. मला कोण शिकवणार?

त्या सकाळी ते नळापाशी चक्कर येऊन पडले आणि शेजाऱ्यांनी त्यांना नगरला आणलं. तशी चक्कर महिनाभर येतच होती. फोनवर म्हणायचे, "अंगात जीवच न्हाई बघ." मला वाटलं, आईच्या जाण्याचं आहे, सावरतील हळूहळू. सगळं दुःखावर ढकलून मी निर्धास्त राहिले. याचा मला आजही स्वतःचा राग येतो.

"घरातली सगळी औषधं घेऊन या," डॉक्टरांनी सांगितलं. आयसीयूबाहेर नुसतं बसून तरी काय करणार, गावी गेले. फडताळात अण्णांच्या गोळ्या होत्या, शेजारी आईच्या. तेराव्यानंतर तिच्या साड्या आम्ही मावश्यांना वाटल्या, चपलासुद्धा देऊन टाकल्या. गोळ्यांचं कुणाला सुचलंच नाही. जाण्याच्या आठवडाभर आधीच तिनं तीन महिन्यांच्या आणून ठेवल्या होत्या. आता तीनच पाकिटं उरली होती.

डॉक्टरांनी दोघांची पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. नावं वेगळी, पण दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी करणारं औषध. अण्णा रोज दोन्ही घेत होते.

तीन दिवस मी मॉनिटरवरच्या आकड्याकडे बघत काढले. चाळीस. चव्वेचाळीस. पुन्हा एकेचाळीस. चौथ्या दिवशी साठ दिसले तेव्हा डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले.

वॉर्डात आणल्यावर मी भांडायच्याच तयारीत होते. "अण्णा, आईच्या गोळ्या तुमी कशाला खाल्ल्या? वाया जातील म्हणून?"

"तसं न्हाई गं," अण्णा म्हणाले. "सकाळी च्या झाला की ती एक माज्या हातावर ठिवायची, एक तिच्या. ती गेल्यावर मी बी दोन काढायचो, सवयीनं. मग दुसरी हातात घिऊन बसायचो. परत ठिवू वाटायची न्हाई."



तुमच्या घरातलं कुणी गेलं तर साड्यांच्या आधी त्यांच्या गोळ्या उचला. आणि मागे राहिलेल्या माणसाला चक्कर येत असेल तर दुःखाचं आहे म्हणून सोडून देऊ नका, दाखवून आणा. मी नाही आणलं.

अण्णा आता माझ्याकडेच असतात. त्यांची गोळी मी देते. मलाही डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं होतं, मी ते कधी घेत नसे. आता रोज चहानंतर त्यांच्याशेजारी बसून घेते. त्यांना एकट्याला घ्यावी लागू नये, एवढंच.

पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्या तळहाताकडे बराच वेळ बघितलं. मग आपली गोळी गिळली आणि म्हणाले, "तुज्या आईचा हात लई खरबरीत हुता."