मामाच्या चटईवर

आम्ही मगरीच्या कुळातले आणि एवरिस्तो माशाच्या, त्यामुळे त्याची टिंगल करायचा माझा जन्मसिद्ध हक्क. माशाच्या कुळात कुणी गेलं की आम्ही मगरवाल्यांनी जाऊन खड्डा खणायचा, प्रेत उचलायचं आणि रडणाऱ्यांना इतकं छेडायचं की रडता रडता त्यांना हसू फुटावं. त्याचा मामा चिसांगा वारला तेव्हा मी खड्ड्यात उभा राहून ओरडलो होतो, "एवढा मोठा मासा, आणि आम्हाला चाखायलाही न देता मातीत घालता?" कुणालाही राग आला नाही. गप्प बसलो असतो तर मात्र आला असता.

एवरिस्तो तेवीस वर्षांचा, काटकुळा, बोलायची वेळ आली की पायांकडे बघणारा. बांगवेउलू सरोवरात मामाच्या होडीवर जायचा. होडी ढकलण्याआधी टोपी काढून डोळे मिटायचा, आणि त्याचे डोळे उघडेपर्यंत बाकीच्या होड्या चांगल्या जागा धरून बसलेल्या असायच्या. पावसाळ्यात सरकारची मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत सगळा किनारा चोरून जाळी टाकतो आणि दिवसा भोपळ्याच्या पाल्याच्या नावाने बोटं मोडतो. हा पठ्ठ्या खरोखर पाला खायचा. मी त्याला विचारलं होतं की माशांनी मगरीला भ्यावं हे ठीक, तू सरकारला कशाला भितोस? तो म्हणाला, "भीत नाही. रविवारी आपण रोजची भाकर मागतो ना? आणि सोमवारी पुढच्या वर्षाचीही आजच उपसून आणायची, ते मला जमत नाही."

असल्या माणसाचं काय करायचं ते मला कळायचं नाही, आणि माझ्या मुलीला, प्रिस्काला, नेमका हाच हवा होता. दोघं चर्चच्या गाण्याच्या मंडळात. मी त्याला साफ सांगून टाकलं की आधी घर दाखव, मग मुलगी ने. आईच्या स्वयंपाकाच्या झोपडीत धुरात निजणाऱ्या पोराला मी मुलगी देणार नव्हतो. तो "बरं, बाशी प्रिस्का" एवढंच म्हणाला. प्रिस्काचा बाप म्हणून सगळे मला त्याच नावाने हाक मारतात, पण त्याच्या तोंडून ते नाव जरा जास्तच हळू यायचं.

चिसांगाचं घर चांगलं होतं. भाजक्या विटांचं, चार खोल्यांचं, वर पत्रे, दाराला निळा रंग, पुढे आंबा. त्या विटा पाडल्या तेव्हा त्याची बायको, बाना म्वापे, पाठीला मूल बांधून सरोवरापासून डोक्यावर पाणी आणायची. मी पाहिलंय ते. पण आमच्यात माणसाचं सगळं जातं बहिणीच्या मुलाकडे. बायकोने वर्ष पुरं झालं की भांडी उचलायची आणि मुलं घेऊन माहेरी जायचं. याविरुद्ध कायदा आहे म्हणतात, पण तो तिकडे राजधानीत, लुसाकाला राहतो, आमच्याकडे फारसा फिरकत नाही. मलाही एक भाचा आहे. माझ्या सायकलवरून हात फिरवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत इतकं प्रेम असतं की मी सायकल घरात नेऊन ठेवतो.

वर्ष झालं आणि चिसांगाचं नाव कुणाला तरी द्यायची वेळ आली. नाव घेणारा चटईवर बसतो, त्याला मेलेल्याचा पट्टा आणि कुऱ्हाड देतात, आणि त्या क्षणापासून तोच तो मेलेला माणूस. भाचे दोन. मोठा मान्सा शहरात दारूचं दुकान चालवायचा. तो दोनदा येऊन खोल्या मोजून गेला होता. त्याला बसवलं तर घर विकून मोकळा होईल, याची कुळातल्या म्हाताऱ्यांना धास्ती. म्हणून सगळ्यांत वडील असलेल्या शिकुलू, म्हणजे आजोबा, न्गोसाने एवरिस्तोला निवडलं. "मऊ माती आहे, वळवू तशी वळेल," असं तो माझ्या कानात म्हणाला. त्या घरातली एक खोली त्याने मनात आपल्यासाठी धरली होती. मला प्रिस्का पत्र्याखाली दिसायला लागली. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

इकडे चर्चच्या तरुण मंडळाने एवरिस्तोला अंगणात गाठलं. त्यांचं म्हणणं, चटईवर बसणं म्हणजे मेलेल्याला बोलावणं. चटई तरी धर नाहीतर चर्चचा बाक तरी. बिचारा दोन्हीकडून दाबला गेला. मी किनाऱ्यावर होडीच्या फटीत डांबर भरत होतो, तिथे येऊन उकिडवा बसला.

"मी नाही म्हटलं तर तो मान्सातला भाऊ बसेल," तो म्हणाला. "मग बाना म्वापे संध्याकाळच्या आत रस्त्यावर."

"मग बस की तू. घर घे. माझी पोरगी कशासाठी थांबली आहे?"

तो पायांकडे बघत बोलला. "घर मला हवंय, बाशी प्रिस्का. प्रार्थनेला बसलो तरी तेच तोंडात येतं. लाज वाटते, पण येतं." मग डांबराच्या डब्याकडे बघून म्हणाला, "येशूने आपल्या सगळ्यांचं नाव अंगावर घेतलं. मी एका मामाचं घ्यायला भ्यावं का, एवढंच विचारतोय."

मी म्हटलं, प्रवचन पुरे, ते डांबर ढवळ. त्याने मुकाट्याने ढवळलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आंब्याखाली चटई पसरली. एवरिस्तोने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. आधी प्रार्थना म्हणायची, आणि दारूच्या जागी मुळ्या घालून केलेलं गोड मुंकोयो ठेवायचं. म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण पोराचा हट्ट म्हणून चालवून घेतलं. तरुण मंडळाचा पुढारी कुंपणाबाहेर चटईकडे पाठ करून उभा होता. येणार नाही म्हणाला होता, पण लांब राहणंही त्याला जमलं नसावं.

एवरिस्तोच्या कपाळाला कसाव्याचं पांढरं पीठ लावलं. कमरेला मामाचा पट्टा बांधला, तो सैल पडला म्हणून गाठ मारली. शिकुलू न्गोसाने हातात कुऱ्हाड दिली आणि जाहीर केलं की चिसांगा उठून बसला आहे, ज्याला भेटायचं त्याने यावं. पहिली आली ती त्याची आई. गुडघ्यांवर बसून, हलक्या टाळ्या वाजवून तिने आपल्या पोटच्या पोराला "दादा" म्हटलं. हे मी किती वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

बाना म्वापे सगळ्यांत शेवटी आली. तिची गाठोडी घरामागे बांधून तयार होती आणि धाकटं पोर त्यातल्या एकावर बसून आंब्याची कोय चोखत होतं. ती खाली बसली. एवरिस्तोने रीतीप्रमाणे तिच्या कपाळाला पीठ लावलं आणि सांगितलं की तू मोकळी आहेस, हवं त्याच्याशी लग्न कर. शिकुलूने मान डोलावली आणि निळ्या दाराची किल्ली त्याच्या हातात ठेवली. आता चेष्टा करायची पाळी माझी होती. माशाला घर मिळालं, आता मगर राहायला येते, असं काहीतरी मी जिभेवर घोळवत होतो.

तेवढ्यात एवरिस्तोने मान वर केली. बोलताना माणसांकडे बघणारा एवरिस्तो मी प्रथमच पाहत होतो.

"मी कोण?" त्याने विचारलं.

"चिसांगा," शिकुलू म्हणाला.

"सगळे कबूल?"

"अरे, आम्हीच तर बसवलं तुला." शिकुलू हसला. "चिसांगाच तू."

"मग चिसांगाचं ऐका. हे घर मी बांधलं, आणि विटांना पाणी हिने वाहिलं. मला तुम्ही चर्चमागे पुरलंत. मला तेवढी जागा पुरते. या घरात माझी मुलं झोपतील आणि त्यांची आई झोपेल, तिची मर्जी असेल तोवर. होडी माझा भाचा एवरिस्तो चालवेल आणि मासे या दारात आणून देईल." त्याने वाकून किल्ली बाना म्वापेच्या ओंजळीत ठेवली. "त्या भाच्याला आईच्या झोपडीत निजायची सवय आहे. त्याची काळजी करू नका."

मान्साहून आलेला मोठा भाचा उठून ही फसवणूक आहे म्हणायला लागला. शिकुलूने त्याला हातानेच खाली बसवलं. म्हाताऱ्याचा चेहरा मी जवळून पाहत होतो. हे खोटं म्हणावं तर आजचं नाव देणं खोटं, आणि न्गोसा हे नावही त्याला कधीकाळी अशाच चटईवर मिळालेलं. मऊ माती वळवायला गेला आणि स्वतःचेच हात रुतून बसले. पण तो नुसता अडकल्यासारखा दिसत नव्हता. मग त्या ऐंशी वर्षांच्या माणसाने गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "ऐकलं, चिसांगा."

कुणी टोप्या काढल्या, कुणी बसल्या जागी मान खाली घातली. कुंपणाबाहेरचा पुढारी केव्हा इकडे वळला ते कळलं नाही, पण त्याने हात जोडले होते. बाना म्वापे किल्ली छातीशी धरून तशीच बसली होती, रडतही नव्हती. बाजूच्याने मला ढोसलं की बोल काहीतरी, मगर ना तू. मी जिभेवरची चेष्टा गिळली आणि टोपी काढली. मी जन्मभर चर्चमध्ये बसत आलोय, गाणी म्हणत आलोय, झोपतही आलोय. पण देव अंगणात येऊन उभा राहिला असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

भीती घरी पोचेपर्यंत टिकली. उंबऱ्यात पाय टाकला आणि डोकं फिरलं. हातात आलेलं घर गेलं. वर हा पठ्ठ्या चिसांगाच्या चार पोरांचा बाप होऊन बसला, आणि तेही मरेपर्यंत. बायको उबवालीच्या घट्ट लापशीचं पातेलं ढवळत होती, प्रिस्का मासे साफ करत होती. मी प्रिस्कासमोर उभा राहून ओरडलो, "हातातलं घर देऊन टाकणारा माणूस उद्या तुला काय देणार आहे?"

प्रिस्का मासे साफ करायची थांबली नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गेलात तर आईला या घरातून कोण काढणार?"

पातेल्यातलं ढवळणं थांबलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती हातातल्या लाकडी पळीकडे बघत होती आणि उत्तराची वाट बघत होती. इतकी वर्षं ती वाट बघत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी बाहेर येऊन सायकलजवळ बसलो. मग भाच्याला फोन लावला. म्हटलं, उद्या सकाळी ये. एवरिस्तोच्या घरासाठी विटा पाडायच्या आहेत, माती मी तुडवतो, पाणी तू आण. तो म्हणाला, मामा, त्याचं घर, मी कशाला पाणी वाहू?

"त्याच्याशेजारी उभा राहा आणि नीट बघून घे त्याला," मी म्हटलं. "माझ्या चटईवर तुला बसायचंय."

आत पळी पुन्हा पातेल्यात फिरायला लागली.