खालचं बटण

ते घड्याळ मी नांदेडला घेतलं. जुनंच, पण स्टॉपवॉचवालं. घड्याळजीनं देताना बजावलं : चावी सकाळी, मनगटावरून उतरवून द्यायची, जड लागली की थांबायचं. वरचं बटण दाबलं की लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. छोट्या तबकडीतला बारका काटा मिनिटं मोजतो, तीस मिनिटांत त्याचा एक फेरा. "अन् दर खेपेला खालचं बटण दाबून शून्यावर आणायचं. न्हाईतर मागचं पुढच्यात मिसळतंय."

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. रेणापूरजवळच्या एका गावात सरकारी विहीर खोल करायच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. सुरुंग दोघा भावांकडे. धाकटा काठावर बसून वाती कापायचा, बांधायचा. थोरला खाली खडकात दारू भरून वाती पेटवायचा आणि वर यायचा. मग सगळ्यांनी आवाज मोजायचे. एखादा कमी भरला तर अर्धा तास कुणी खाली उतरायचं नाही. आधी हा अर्धा तास बिड्या ओढत, अंदाजानं जायचा. माझं घड्याळ आल्यापासून तो मोजायचं काम माझ्याकडे आलं.

"कारकूनसाब, आमचा जीव तुमच्या मनगटाला बांधलाय बरं का," थोरला हसून म्हणायचा. मला ते आवडायचं.

त्या दिवशी सकाळी गावात टँकर आला. रांगेतली एक बाई म्हणाली, "एवढं भारी घड्याळ हाय, तर टँकर किती येळात सरतो ते मोजा की!"

"मोजून पानी वाढतंय व्हय गं?" मागची म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी मोजलं. चौदा मिनिटांत टँकर रिकामा. वरच्या बटणानं काटा थांबवला, सगळ्यांना दाखवला आणि बाही खाली ओढली.

दुपारी पाच वाती पेटवल्या. आवाज चार आले. मी वरचं बटण दाबलं, तेव्हा बरोबर दोन वाजले होते. ऊन असं होतं की सगळे सावलीला सरकले होते. बारका काटा तीसवर आला तसा मी हात वर केला.

"झाली?" थोरल्यानं विचारलं.

"झाली."

तो शिडीवरून उतरू लागला आणि माझी नजर वेळ दाखवणाऱ्या मोठ्या काट्यांवर गेली. दोन वाजून सोळाच मिनिटं झाली होती. सकाळची चौदा मी पुसलीच नव्हती.

त्याचं डोकं अजून काठावर दिसत होतं. हाक मारली असती तर तो वर आला असता. मी मारली नाही. सकाळी गावभर मिरवलेलं घड्याळ, आता चुकलं म्हणायला जीभ उचलेना. मनाशी म्हटलं, राहिलेला बार विझलाच असेल.

तो विझला नव्हता.

सगळे विहिरीकडे धावले. मी जागेवर उभा राहिलो, वरच्या बटणानं काटा थांबवला आणि खालचं बटण दाबलं. दोन्ही काटे शून्यावर गेले.

चौकशीत मी सांगितलं, पुरा अर्धा तास थांबलो. साहेबांनी लिहिलं, म्हणजे वातच वाईट बांधली होती. धाकट्याला पुन्हा कुणी सुरुंगाला हात लावू दिला नाही. तो स्वतःही तेच मानत राहिला, की भावाला आपण मारलं. हे मला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं मी ते त्याला मानू दिलं.

गेल्या महिन्यात मी रेणापूरला त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, हाक न मारल्याचंसुद्धा. तो माझ्या मनगटाकडे बघत होता.

"चालू हाय का ते अजून?"

मी घड्याळ उतरवलं, चावी दिली, खालचं बटण दाबून शून्यावर आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं. त्यानं वरचं बटण दाबलं आणि ते आमच्या मधे सतरंजीवर ठेवलं.

"बसा," तो म्हणाला. "तीस व्हऊ द्या."

सोळाव्या मिनिटाला त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरची चौदा मिनिटं त्यानं नजर हटवली नाही.